शेजाऱ्याने झाडांची नासधूस केल्यास दाद कशी मागावी

तोडलेल्या फांद्या, सोललेली साल किंवा फुटलेल्या कुंड्या दिसल्या की बहुतेक जण आधी अंगण झाडून घेतात आणि तेवढ्यातच सर्वांत भक्कम पुरावा कचऱ्याच्या गाडीत जातो. म्हणून काहीही उचलण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत. काही लांबून काढावीत, ज्यांत झाड आणि कुंपणाची भिंत दोन्ही दिसतील. काही जवळून काढावीत, ज्यांत घावाशेजारी मोजपट्टी ठेवलेली असेल. सोसायटीच्या सीसीटीव्हीचे चित्रण त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन मागावे, कारण जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. असे चित्रण न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यामुळे मूळ फाइल जपून ठेवावी.

बुंध्याला भोके पाडून रसायन ओतल्याचा संशय असेल, तर विशेष घाई करावी. अशा झाडाची पाने अवेळी करपतात, बुंध्याशी उग्र वास येतो आणि जूनच्या पहिल्या जोरदार सरींत मातीतील अंश वाहून जातो. आपण स्वतः घेतलेल्या नमुन्याला न्यायालयात फारसे वजन मिळत नाही, म्हणून उद्यान विभागाच्या कर्मचाऱ्यांनी किंवा पोलिसांनी दोन पंचांसमक्ष नमुना घ्यावा, असा लेखी आग्रह धरावा. नमुना घेतल्यावर मात्र दूषित माती काढून झाडावर उपचार सुरू करण्यास एक दिवसही लावू नये.

यानंतर झाड नेमके कोणाचे आहे, हे पाहावे. वांद्र्याच्या किंवा बोरीवलीच्या गावठाणातील घराच्या आवारात झाड असेल, तर जमिनीची कागदपत्रे काढून सीमा निश्चित करून घ्यावी. सोसायटीच्या सामाईक जागेतील झाड तुम्ही लावले आणि वाढवले असले, तरी तेवढ्याने ते तुमच्या मालकीचे होत नाही, त्यामुळे नुकसानभरपाईची मागणी कार्यकारी समितीमार्फत करावी. शेजाऱ्याच्या हद्दीत झुकलेली फांदी तो सीमेपर्यंत छाटू शकतो, हे तत्त्व न्यायालये मानतात. परंतु त्यासाठी तुमच्या आवारात शिरण्याचा, झाड मरेल इतकी छाटणी करण्याचा किंवा फळे स्वतःकडे ठेवण्याचा अधिकार त्याला मिळत नाही.

मुंबईत याहून महत्त्वाचे संरक्षण महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 यातून मिळते. खासगी जागेतील झाड तोडण्यासाठीही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि या कायद्यात ‘तोडणे’ या शब्दात झाड जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे याचाही समावेश होतो. म्हणून ‘पावसाळ्यापूर्वीची छाटणी केली’ असे उत्तर मिळाल्यास परवानगीची प्रत मागावी. महापालिकेच्या 1916 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि त्याच दिवशी विभाग कार्यालयातील उद्यान विभागाला अर्ज देऊन पोच घ्यावी. माझ्या मते झाडाच्या बाबतीत हा मार्ग पोलीस ठाण्याच्याही आधी धरावा, कारण येथे झाडाच्या किमतीवरून वाद होत नाही.

कुंडीतील तुळस किंवा मोगरा यांची नासधूस झाली असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 चा आधार घ्यावा. नुकसान 20,000 रुपयांहून कमी असल्यास सहा महिन्यांपर्यंत, 20,000 ते एक लाखापर्यंत असल्यास दोन वर्षांपर्यंत आणि एक लाख किंवा त्याहून अधिक असल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे रोपवाटिकेच्या पावत्या आणि माळ्याच्या मजुरीचा हिशेब तक्रारीला जोडावा. किरकोळ नुकसानीची पोलीस बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करतात. त्या नोंदीवर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही, तरीही तिची प्रत घ्यावी, कारण पुढे हाच प्रकार पुन्हा घडल्यास ती उपयोगी पडते.

भरपाई हवी असेल, तर वकिलामार्फत नोटीस पाठवून मुदत द्यावी आणि त्यानंतर नगर दिवाणी न्यायालयात दावा करावा. असा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. शेजारी उरलेली झाडेही तोडेल अशी भीती असेल, तर भरपाईची वाट न पाहता तात्पुरत्या मनाईहुकमाचा अर्ज दाव्यासोबतच करावा, आणि जागेची पाहणी करण्यासाठी न्यायालयाने कोर्ट कमिशनर नेमावा, अशीही विनंती करावी. खर्चाच्या भीतीने अनेक जण येथे थांबतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार महिलांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींसारख्या काही गटांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो, आणि उरलेल्यांना तो उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.