बोलून न दाखवता द्यायचं कसं

मराठीत 'उपकार' हा शब्द चांगलाच आहे, पण त्याच्या मागोमाग 'उपकाराचं ओझं' येतं आणि 'बोलून दाखवणं' तर दारातच उभं असतं. कृपेचं तसं नसतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात देव कसा देतो ते सांगितलंय: उदारपणे देतो आणि दोष लावत नाही. दिल्यानंतर टोचून बोलत नाही, असाच त्याचा अर्थ. ख्रिस्ती माणसाच्या मदतीची पहिली परीक्षा इथेच होते. मदत किती मोठी हा प्रश्न नंतरचा. घेणाऱ्याची मान खाली गेली की नाही, ते आधी बघायचं.

पुढच्या गोष्टी नाशिककडच्या शरणपूर, नाशिकरोड, देवळाली, सातपूर अशा कुठल्याही ख्रिस्ती मंडळीतल्या साध्या घराला जमण्यासारख्या आहेत.

दवाखान्यातला डबा

जिल्हा रुग्णालयात पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडून माणसं येतात. पेशंटच्या जेवणाची काही ना काही सोय होते, हाल होतात ते सोबत आलेल्याचे. त्यामुळे डबा करायचा तो सोबतच्या माणसासाठी.

दोन माणसांचा एका वेळचा डबा असा भरा: सहा-सात पोळ्या किंवा चार भाकरी, सुकी भाजी दोन वाट्या, घट्ट वरण दोन वाट्या, एक लिंबू आणि थोडी शेंगदाण्याची चटणी. रस्सा नको, पिशवीत सांडतो आणि मग वॉर्डात पुसायला फडकं नसतं. भात हवाच असेल तर पसरून, वाफ घालवून मगच डब्यात भरा. गरम भात घट्ट झाकणात कोंडला तर एप्रिल-मे मध्ये तीन-चार तासांत आंबतो. तिखट बेताचं ठेवा. समोरचा माणूस ओळखीचा नसेल तर मटण, अंडं टाळा. तो खात असेलही, पण विचारायची वेळच येऊ नये. सुरगाण्याकडच्या माणसाला नागलीची भाकरी मिळाली तर त्याचा चेहराच बदलतो, जमल्यास तेवढं करा.

आता डबा कशात द्यायचा? इथे बहुतेक जण चुकतात. स्टीलचा चांगला डबा दिला की 'हा परत कधी, कुठे द्यायचा' ही एक काळजी आपण त्याच्या डोक्यावर ठेवून येतो. परत मिळाला नाही तरी चालेल अशाच डब्यात द्या आणि तसं सांगूनही टाका.

भेट दहा मिनिटांची. पलंगावर बसायचं नाही, अत्तर लावून जायचं नाही, शेजारच्या खाटेवरच्याला ऐकू जाईल अशा आवाजात आजार विचारायचा नाही. 'आमच्या मावशीला हेच झालं होतं' हे वाक्य तर घरीच ठेवून निघा. 'काही लागलं तर सांगा' या वाक्यानेही काही होत नाही, कारण कुणी सांगत नाही. त्याऐवजी नेमकं बोला: "उद्या सकाळी नऊ ते बारा मी इथे बसतो. तुम्ही घरी जाऊन आंघोळ करा, थोडं पडा." आणि नऊ म्हटलं की पावणेनऊला पोहोचा.

प्रार्थना करायची असेल तर आधी विचारा: "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" नको म्हणाले तर "बरं" एवढंच म्हणा, चेहरा पाडू नका. चालेल म्हणाले तर तीन-चार वाक्यं, हळू आवाजात, त्याचं नाव घेऊन. न विचारता डोक्यावर हात ठेवू नका. बरं होण्याची हमी देऊ नका, औषध बंद करायला चुकूनही सांगू नका. आणि डब्याच्या पिशवीत धर्मप्रचाराची पत्रिका घालू नका. पत्रिका निघाली की पोळीची किंमत ठरली, असंच समोरचा समजतो, आणि त्याचं चूक म्हणता येत नाही.

रस्त्यावर

लूकच्या दहाव्या अध्यायातला, वाटेत जखमी पडलेल्या माणसाला मदत करणारा शोमरोनी नीट वाचला तर तो फार व्यवहारी माणूस आहे. जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, एक रात्र काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी दोन दीनार मोजून दिले, वर खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला आणि आपल्या वाटेने गेला. दीनार म्हणजे त्या काळी एका दिवसाची मजुरी. स्वतःचा प्रवास त्याने सोडला नाही, जखमीलाही सोडलं नाही.

नाशिक-पुणे रस्त्यावर किंवा आग्रा महामार्गावर अपघात दिसला तर हाच क्रम ठेवा. गाडी बाजूला लावा, १०८ला फोन करा, ठिकाण सांगताना जवळचा पूल, पेट्रोल पंप किंवा फाटा सांगा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड तळहाताने घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. आग-वाहतुकीचा धोका नसेल तर माणसाला हलवू नका, पाणी पाजू नका. पोलिसांच्या भानगडीत अडकू या भीतीने लोक पुढे होत नाहीत. पण मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने १३४-अ हे कलम आलं आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्यामुळे दावा-खटला होत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना शोमरोनीच्या दाखल्याबरोबर हेही शिकवा.

मजुरी आणि मळा

मंडळीतल्या ज्या घरांची दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे द्राक्षबाग आहे, त्यांच्यासाठी पवित्र शास्त्र अगदीच स्पष्ट आहे. लेवीय १९ सांगतं की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये. म्हणून रोजंदारीवर ठरलं असेल तर पैसे त्याच संध्याकाळी. आठवड्याने द्यायचं ठरलं असेल तर वार ठरवा आणि तो चुकवू नका. मुकादमाच्या हातात सगळ्यांचे पैसे देणं सोपं, पण मग बायांच्या हाती किती पडले ते कळत नाही. शक्य तिथे ज्याचे त्याच्या हातात द्या. उचल दिली असेल तर किती कापली, किती राहिली हे दोघांच्याही वहीत लिहा. 'विसरलो' असं म्हणायची वेळ नेहमी मालकावरच येते हे लक्षात ठेवा.

विरळणीच्या दिवसांत दिवसभर हात वर करून काम असतं. सावलीत पिण्याचं पाणी, दुपारी खरोखरची अर्धा-पाऊण तास सुट्टी आणि बायांसाठी आडोसा, या तीन गोष्टी दानधर्मात मोजू नका. त्या मजुरीतच धरायच्या. त्याच अध्यायात मळ्यातला द्राक्षांचा सर्वा, म्हणजे तोडणीनंतर मागे राहिलेली द्राक्षं, वेचायचा नाही, तो गरीब आणि परक्यासाठी सोडायचा, असंही आहे. व्यापाऱ्याचा माल निघाल्यावर उरलेले घड मजुरांना नेऊ द्या, फक्त कोणत्या ओळीत शेवटची फवारणी कधी झाली ते बघून. औषधाच्या लेबलवर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. तेवढे दिवस झाले नसतील तर ते घड देऊ नका.

शहरातल्या घरकामाच्या ताईंनाही हेच लागू. पगार ठरल्या तारखेला, महिन्याच्या सुट्ट्या आधीच ठरलेल्या. जुने कपडे द्यायचे तर धुऊन, बटणं लावून, इस्त्री करून; जे आपण घालून बाजारात जाणार नाही ते द्यायचंच नाही, त्याची फरशी पुसायची फडकी करा. पैसे उसने मागितले तर मनाशी विचारा, हे बुडाले तर माझं तोंड वाकडं होईल का? होणार असेल तर कमी द्या, पण देणं म्हणूनच द्या. पाच हजार उसने देऊन वर्षभर घुश्शात राहण्यापेक्षा पाचशे देऊन विसरलेले बरे.

शरणपूरच्या नावातच आसरा आहे. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना अक्षराबरोबर सुतारकाम, लोहारकामही शिकवलं गेलं. जेकब वेनराइट इथेच शिकला. १८७४मध्ये आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचं शव इंग्लंडला पोहोचवताना तो सोबत होता. एखाद्या मुलाची महिन्याची फी भरता आली तर उत्तमच, पण त्याला हातातलं काम शिकवणारा माणूस गाठून दिलात तर ते जास्त पुरतं.

भांडण

मत्तय १८मध्ये पायऱ्या आहेत आणि त्यांचा क्रम बदलायचा नाही. आधी एकट्याने जाऊन त्याच्याशीच बोलायचं. नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन. मग मंडळी. आपल्याकडे बरोबर उलटं होतं: आधी उपासनेनंतर फाटकापाशी कुजबुज, मग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आडून टोमणा, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला सगळ्यात शेवटी कळतं. 'प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं' असं म्हणून सांगितलेली चहाडी ही चहाडीच.

माफी मागताना चूक नाव घेऊन सांगा: "त्या दिवशी सगळ्यांसमोर तुमचा हिशेब काढला, माझं चुकलं." इथे थांबा. 'पण' आला की माफी गेली. समोरच्याने लगेच माफ केलं नाही तर पुन्हा पुन्हा विचारू नका, त्याला वेळ लागेल.

एक गोष्ट मात्र पाळकांनी आणि घरच्या वडीलधाऱ्यांनीही नीट समजून घ्यावी. मारहाण सहन करत राहणं म्हणजे क्षमा नव्हे. ज्या बाईला घरात मार बसतो तिला 'सत्तर वेळा सात' क्षमा करायचं वचन ऐकवू नका. आधी तिला आणि मुलांना सुरक्षित जागी न्या. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२, लहान मुलांसाठी १०९८. क्षमेचं बोलणं ती म्हणेल तेव्हा.

यात्रा आणि सण

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला बाहेरगावचे भाविक येतात, आणि २०२७मध्ये सिंहस्थाला तर पंचवटी माणसांनी भरून जाईल. दोन्हीकडे वागणं एकच: नळाचं पिंप, स्वच्छ पेले आणि जमल्यास म्हाताऱ्या बायकांना घरातलं संडास वापरू देणं. पाण्याइतकीच, कधी त्याहून जास्त, नड या शेवटच्या गोष्टीची असते. उन्हाने कुणी गळून गेलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट द्या. चमचा चहाचा घ्या, मीठ जास्त पडू देऊ नका. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीच घालू नका, १०८.

नाताळचं ताट शेजारी देताना केक अंड्याचा असेल तर सांगून द्या. जैन शेजाऱ्यांना करंज्या-शंकरपाळ्यांचं वेगळं ताट करा. उपास असेल तर दुसऱ्या दिवशी द्या. त्यांच्या दिवाळीचा फराळ आनंदाने घ्या. प्रसादाबद्दल मंडळ्यांमध्ये मतं वेगळी आहेत. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौलाने त्यावर बरंच लिहिलंय. तुमचं मन नाही म्हणत असेल तर हात जोडून एका वाक्यात सांगा, दारात उभं राहून शिकवण देऊ नका. आणि शेजारच्या काकू तुमचं ताट परत करताना त्यात मूठभर साखर घालतील, रिकामं देत नाहीत म्हणून. "कशाला हो" न म्हणता ती घ्या.