नाशिकमध्ये बसून कृष्णविवरांवर काम सुरू करताना

फिजिक्सची मुलं हमखास विचारतात, "इथे राहून ब्लॅक होलवर काम होईल का?" होईल. कृष्णविवरात पडणारा वायू तापून क्ष-किरण सोडतो आणि तेच आपण मोजतो. क्ष-किरण हवेतून खाली येतच नाहीत, त्यामुळे या विषयात दुर्बीण सगळ्यांचीच अवकाशात असते आणि डेटा सगळ्यांकडे इंटरनेटवरूनच येतो. मीही सुरुवात केली ती गंगापूर रोडवरच्या भाड्याच्या खोलीत, साध्या लॅपटॉपवर.

आधी सापेक्षता पक्की करू, मग डेटाला हात लावू, असं बरेच जण ठरवतात. मी उलट सांगेन. इस्रोचा खगोल-उपग्रह ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ रोजी गेला. त्यावरच्या लॅक्सपीसी या क्ष-किरण मोजणाऱ्या उपकरणाची जुनी निरीक्षणं नोंदणी केली की फुकट मिळतात. जीआरएस १९१५+१०५ हे कृष्णविवर घ्या आणि एकेका सेकंदाच्या बिनमध्ये (तुकड्यांत) लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार तेजाचा आलेख, काढा. काही निरीक्षणांत आलेख हळूहळू चढतो, टोकाला काटे काढतो, धाडकन पडतो आणि साधारण मिनिटभरात पुन्हा तेच. संशोधक याला हार्टबीट म्हणतात. या एकाच स्रोताच्या चढउतारांचे २००० साली १२ वर्ग पाडले गेले. मधेमधे आलेख तुटलेला दिसेल, तिथे गोंधळू नका. उपग्रह पृथ्वीआड गेला किंवा दक्षिण अटलांटिकवरच्या कणांच्या माऱ्यात शिरला की मोजणी थांबते.

आता कोरोना. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीचा आतला भाग कोटभर केल्विन तापलेला असतो, पण त्याच्याजवळच्या विरळ इलेक्ट्रॉनांचं, म्हणजेच कोरोनाचं, तापमान अब्जाच्या घरात. तबकडीचे फोटॉन त्यांच्यावर आपटतात आणि कितीतरी जास्त ऊर्जा घेऊन सुटतात. हा कोरोना थेट दिसत नाही. तो इतका लहान आणि दूर आहे. सूर्याच्या १० पट वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या जेमतेम ३० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाला सेकंदाचा दहाहजारावा भाग पुरतो. म्हणून वेळ हीच इथली फुटपट्टी.

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की दुतोंड्या मारुतीपाशी पाणी चढायला वेळ लागतो, तसंच इथेही होतं. तबकडीत बाहेर वाढलेला वायूचा ओघ आत सरकत येतो, म्हणून कमी ऊर्जेचे किरण आधी चढतात, जास्त ऊर्जेचे मागून. हा हार्ड लॅग. कोरोनाचा प्रकाश तबकडीवर आदळून परततो तेव्हा उशीर उलट्या दिशेचाही दिसतो. दोन्ही एकाच डेटात मिसळलेले असतात आणि ते वेगळे काढणं हेच खरं काम. मला यात जो आनंद मिळतो तो नुसता स्पेक्ट्रम (कोणत्या ऊर्जेचे किती किरण) फिट करण्यात मिळत नाही. दोन अगदी वेगळी मॉडेल्स तिथे सारखीच छान बसू शकतात.

तयारीबद्दल थोडक्यात: लिनक्स, पायथन आणि फूरिए विश्लेषण. पीएचडीसाठी जेस्ट किंवा नेट ही परीक्षा द्याच. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा सुट्टीतला विद्यार्थी कार्यक्रमही नजरेत असू द्या.

कोरोनाचा आकार हा प्रश्न आत्ता ऐन रंगात आहे. २०२१ मध्ये गेलेल्या आयएक्सपीई या क्ष-किरण दुर्बिणीने सिग्नस एक्स-१ या कृष्णविवरात सुमारे ४ टक्के ध्रुवीकरण (किरणांची कंपनं एका दिशेत असण्याचं प्रमाण) मोजलं, तेही जेटच्या, म्हणजे तिथून वेगाने बाहेर फेकल्या जाणाऱ्या झोताच्या, दिशेत. म्हणजे निदान तिथे तरी कोरोना जेटला आडवा, तबकडीलगत पसरलेला असावा. आपला एक्सपोसॅट उपग्रहही १ जानेवारी २०२४ रोजी याच मोजमापांसाठी गेला. तेव्हा बीएस्सीच्या ऑप्टिक्समधला ध्रुवीकरणाचा धडा परीक्षेपुरता वाचून सोडू नका, त्यातली गणितं हाताने सोडवा.