ॲल्युमिनियमची जुनी नाव पुन्हा पाण्यात कशी उतरवावी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या तलावांच्या पट्ट्यात झाडाचं खोड कोरून केलेला डोंगा अजून दिसतो, पण तसं जाड खोड आता सहज मिळत नाही. म्हणूनच लिलावात किंवा भंगारात ॲल्युमिनियमची जुनी नाव निघाली, तर ती सोडू नये असं मला मनापासून वाटतं. हा पत्रा एरवी आपणहून कुजत नाही. त्याला लागून राहिलेले लोखंडी बोल्ट, तांब्याची तार, ओलं लाकूड आणि चुना त्याला खातात. त्यामुळे नको त्या वस्तू आधी बाहेर काढायच्या, ठिगळ नंतर लावायचं.

घेण्याआधी

अंधार पडल्यावर नावेच्या आत टॉर्च लावा आणि बाहेरून तळ पाहा. जिथून उजेड झिरपतो तिथून पाणी येणार. पांढरी भुकटी आणि खड्डे दिसले तर नखाने किंवा चावीने दाबून पाहा. पत्रा दबत असेल तर तेवढा भाग कापून बदलावा लागेल. आकाराच्या मानाने नाव फार जड लागली, तर बसायच्या फळ्यांखालचा फोम पाणी पिऊन बसला आहे असं समजा.

काम मे महिन्यात धरा. बोड्या (लहान तळी) आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव आटलेले असतात, आणि मृग लागायच्या आत रंग कडक वाळतो.

रिकामी करा, धुवा

फळ्या, फोम, तारा, गंजलेले बोल्ट, सगळं काढा. धुवायला साधा साबण आणि नायलॉनचा ब्रश पुरे. कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा किंवा चुन्याचं पाणी चुकूनही वापरू नका, कॉस्टिक तर ॲल्युमिनियम विरघळवतो. काळपट डागांवर चिंचेचं पाणी चालतं, मात्र लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन टाका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका. पॉलिश पेपर ओला ठेवा, तोंडाला मास्क बांधा आणि विहिरीपासून, लेकरांपासून लांब काम करा.

गळती पाण्यालाच विचारा

नाव रेतीच्या पोत्यांवर नीट टेकवा आणि आत तळहाताच्या रुंदीइतकंच, म्हणजे दहाएक सेंटिमीटर पाणी भरा. एक चौरस मीटरवर एवढं पाणी 100 किलो भरतं, म्हणून काठोकाठ भरायच्या मोहात पडू नका. आता बाहेरून थेंब शोधा आणि मार्करने खुणा करा. पेन्सिल नको. तिच्यातलं ग्रॅफाइट ओलीत ॲल्युमिनियमला खातं, म्हणून विमानाच्या पत्र्यावरही पेन्सिलीने खुणा करत नाहीत.

रिव्हेट आणि सांधे

बहुतेक गळती इथेच असते, आणि कारण आपल्या उन्हात आहे. पहाटे आणि भर दुपारी पत्र्याच्या तापमानात 40 अंशांचा फरक पडला, तर चार मीटरची नाव साडेतीन मिलिमीटरहून जास्त लांबते. रोजच्या या ताणाताणीत रिव्हेट ढिले पडतात. म्हणूनच सांध्यात कडक एम-सील भरून भागत नाही, ते तडकतं. तिथे लवचिक पॉलियुरेथेन सीलंट हवं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही टाळा, ते धातूला बाधतं आणि त्यावर रंग धरत नाही.

ढिला रिव्हेट दोघांनी मिळून कसावा. एकाने बाहेरून डोक्यावर जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने आतून शेपटीवर हलक्या हातोड्या मारायच्या. भोक मोठं झालं असेल तर एक माप जाड, ॲल्युमिनियमचाच भरीव रिव्हेट घ्या. पत्र्यांच्या एकूण जाडीत रिव्हेटच्या जाडीची दीडपट मिळवली की त्याची लांबी मिळते. आतून हात पोहोचत नसेल तरच पॉप रिव्हेट, तोही बंद तोंडाचा. साध्या पॉप रिव्हेटच्या मधल्या भोकातून पाणी येतं.

चीर आणि भोक

चिरेच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर ती पुढे धावते. मग गोल कोपऱ्यांचा ॲल्युमिनियमचा तुकडा चहूबाजूंनी तीन सेंटिमीटर जास्त ठेवून सीलंटवर बसवा आणि रिव्हेट मारा. बारीक छिद्रांना इपॉक्सी चालते. जागा स्टेनलेस ब्रशने घासून ॲसिटोनने पुसा आणि लगेच लावा, कारण उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर पुन्हा धरतो. मेच्या उन्हात इपॉक्सी डब्यातच घट्ट होते, तेव्हा सकाळी आणि थोडी थोडी कालवा.

गावातल्या वेल्डिंगवाल्याला मात्र हा पत्रा देऊ नका. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, तर त्यावरचा ऑक्साइड 2000 अंशांच्या पुढे, आणि वितळण्याआधी पत्रा लाल होऊन इशाराही देत नाही. लागलंच तर शहरात आर्गॉन वेल्डिंग करून घ्या.

लाकूड, तरंग, रंग

नवी फळी मरीन प्लायची घ्या, तांब्याचं औषध पाजलेलं लाकूड नको. कडा रंगवून स्टेनलेस बोल्ट नायलॉन वॉशरसह लावा.

फोमबद्दल मी आग्रही आहे, कारण नाव बुडू द्यायची नसेल तर तो हवाच. 80 किलोची नाव पाण्याखाली साधारण 50 किलो भरते. फोमऐवजी झाकण पक्कं बसवलेले पाच लिटरचे दहा रिकामे डबे एवढं वजन कसंबसं तोलतात. इंजिन आणि माणसांसाठी आणखी हवेत. ते फळ्यांखाली घट्ट बांधा. थर्माकोल पेट्रोल सांडल्यावर विरघळतो, म्हणून इंजिनवाल्या नावेत तो नको.

रंगाआधी एच (etch) प्रायमर, म्हणजे गुळगुळीत धातूला धरून बसणारा पहिला हात द्या. लोखंडाचा रेड ऑक्साइड यावर नीट धरत नाही. तळाला तांबं असलेला रंग तर कधीच नको, तो पत्रा पोखरून काढील.

पहिल्यांदा उतरवाल तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातच, लाइफ जॅकेट घालून उतरा. अर्धा तास थांबून प्रत्येक खूण तपासा. हंगाम संपल्यावर नाव लाकडी ठोकळ्यांवर पालथी घाला. ओल्या सिमेंटवर किंवा युरियाच्या पोत्यांजवळ ठेवू नका.