जुन्या हिंदी गाण्याचा घरगुती रिमिक्स: लय कुठे निसटते

गाण्याची वॅव्ह किंवा फ्लॅक (दर्जा न घटवणारी) फाइल घ्या. कमी बिटरेटच्या एमपी३मधून गायन सुटं केलं की ‘स’, ‘श’ खरखरतात. अल्टिमेट व्होकल रिमूव्हर या सॉफ्टवेअरने गायकाचा आवाज वेगळा करून त्यातला १०० हर्ट्झखालचा (खोल, खर्जातला) भाग कापा, नाहीतर मूळ ढोलकीचा उरलेला घुमारा नव्या किकशी (बास ड्रमच्या ठोक्याशी) भांडतो.

खरी मेहनत लयीची. १९६०-७०च्या दशकांत वाद्यवृंद बहुधा क्लिकशिवाय (लय धरून ठेवणाऱ्या टिकटिकीशिवाय) वाजायचा, त्यामुळे लय सरकत राहते. सबंध गाण्याला एकच टेम्पो लावलात तर मुखडा जुळेल, अंतरा घसरेल. म्हणून प्रत्येक आवर्तनाच्या समेवर (पहिल्या मात्रेवर) वॉर्प मार्कर, म्हणजे ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये ठोका जागेवर बांधणारी खूण, ठोका. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही. केरवा ताल ४/४मध्ये (चार ठोक्यांच्या मापात) सहज बसतो. दादऱ्याच्या ६ मात्रांवर मात्र चार ठोक्यांची किक लादू नका, ६/८ ठेवा.

वेग १० टक्क्यांच्या आतच वाढवा. यूट्यूबवर टाकलात तर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो.