रोशा गवताचं तेल काढताय? मग या चुका टाळा

दसरा जवळ आला की भट्टीत वाफेवर रोशाचं सुगंधी तेल काढणाऱ्यांचे फोन सुरू होतात. "भाऊ, भट्टी लावली, पण तेलच उतरत नाही." मी आधी एकच विचारतो, गवत फुलावर होतं का? पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, "मजूर मोकळे होते, म्हणून कापून घेतलं."

रोशाचं तेल मुख्यतः तुऱ्यात असतं. पानात कमी, काडीत जवळजवळ नाहीच. तुरा पूर्ण बाहेर येऊन बी धरायला लागण्याआधी कापलंत, तर भट्टीत नुसती काडी शिजते. मजुरांच्या सवडीने कापणाऱ्याने मका लावावा.

पण खरी चूक त्याच्याही आधीची आहे, बियाण्याची. रोशाचे दोन प्रकार: मोतिया आणि सोफिया. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल, म्हणजे गुलाबासारख्या वासाचा घटक, 75 टक्क्यांच्या वर, म्हणून वास गुलाबाकडे झुकणारा. सोफियाचं तेल वेगळं आणि बाजारात भावही कमी. गवत दिसायला जुळ्या भावांसारखं. कोवळं गवत म्हणजे मोतिया, पिकून लाल झालं की तेच सोफिया, असं पूर्वी व्यापारीही समजत. आमच्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरकडे काही म्हातारे अजून हेच सांगतात. मीही ऐकून घेतलं होतं, पण ते चूक आहे.

पहिल्या वर्षी मी सुटं बी आणलं, स्वस्त मिळालं म्हणून. एकरभर लावलं, वाट पाहिली, 11 किलो तेल निघालं. कॅन घेऊन ऐटीत गेलो. व्यापाऱ्याने कागदाची पट्टी बुडवली, हुंगली आणि माझ्याच हातात दिली. गुलाबामागून शहाजिऱ्यासारखा उग्र वास येत होता. शेजारी बसलेला म्हातारा म्हणाला, "हाई मोतियानं तेल नही शे, भाऊ." म्हणजे हे मोतियाचं तेल नाही. अर्ध्या भावात देऊन परत आलो. तेव्हापासून बी धरायच्या आधी शेतात फिरतो, ठोंबागणिक तुरा तळहातावर चोळतो, हुंगतो. शंका आली की ठोंब उपटायचा, दया नाही. खात्रीच्या ठोंबांना चिंधी बांधतो, बी फक्त त्यांचंच. दोन दिवस जातात, पण जाऊ द्यावेत.

भट्टीत गवत थेट पाण्यात बुडवू नका, तळाला लागतं आणि तेलाला करपट वास येतो. तो वास पुढे कशानेही जात नाही. मध्ये जाळी हवी, गवत वर, वाफ खालून. गवत सगळीकडे सारखं दाबा. एका कडेला सैल राहिलं की वाफ तिथूनच पळते, बाकी गवत तसंच राहतं.

कापलेलं गवत सावलीत एक दिवस पसरून सुकवलं तर चालतं. ढीग घातला की आतून तापून सडतं.

गंजलेली टाकी नको, तेल काळपट पडतं.

वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरमधून येणारं पाणी हाताला गरम लागलं तर जाळ कमी करा. घाई करून मोठा जाळ लावणारे वाफेबरोबर तेलही हवेत सोडतात.

त्या पाण्यावर तेल तरंगतं. खालचं पाणी फेकू नका. त्यात थोडं तेल विरघळलेलं असतं, ते पुढच्या खेपेला भट्टीतच घाला.

आणि रॉकेल. वजन वाढवायला हा उद्योग करणारे आहेत, मला माहीत आहे. शुद्ध तेल 70 टक्के अल्कोहोलच्या दोन-तीन पटीत स्वच्छ विरघळतं. रॉकेल किंवा खोबरेल असेल तर लगेच गढूळ होतं. व्यापारी तुमच्यासमोरच करून दाखवतो. गंमत अशी, की एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्राणी या भागातलं हेच तेल मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून मिसळलं जायचं. बाजारात त्याला नावही 'टर्किश जिरॅनियम' होतं. भेसळीच्या कामाला आलेला मालही तेव्हा अस्सल लागायचा.