ओएसपीएफ: नेबर ‘फुल’ आहे, मग रूट कुठे गेला?

ओएसपीएफ म्हणजे राउटरांनी एकमेकांना नेटवर्कचे रस्ते (रूट) कळवण्याची पद्धत. त्यात रूट दिसेना की पहिला सल्ला मिळतो, ‘ओएसपीएफ प्रोसेस क्लिअर कर’, म्हणजे ती नव्याने सुरू कर. कृपा करून करू नका. त्या राउटरचे सगळे नेबर (ओएसपीएफने जोडलेले शेजारचे राउटर) एकदम तुटतात, धडधाकट चाललेल्या शाखा बंद पडतात आणि मूळ चूक जागच्या जागी राहते. रूट आधी नेबरकडून डेटाबेसमध्ये (नेटवर्कच्या माहितीच्या साठ्यात) येतो, मग टेबलात (प्रत्यक्ष वापरायच्या रूटच्या यादीत). तो यातल्या कुठल्या पायरीवर अडलाय, एवढंच शोधायचं. कमांड मी सिस्कोच्या देतोय.

‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ मारा. नेबरच नसेल तर एरिया (ओएसपीएफचा विभाग), हॅलो-डेडच्या वेळा (हॅलो संदेश किती सेकंदांनी पाठवायचा आणि किती वेळ न आल्यास नेबर गेला असं धरायचं), सबनेट मास्क, ऑथेंटिकेशन आणि पॅसिव्ह इंटरफेस (ज्यावर हॅलो पाठवणं बंद आहे) पाहा. एक्सस्टार्टवर (डेटाबेसच्या देवाणघेवाणीआधीच्या पायरीवर) अडकला असेल तर दोन्हीकडचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) जुळवा.

नेबर फुल (दोघांचा डेटाबेस पूर्ण जुळलेला) असेल तर ‘शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस’. तिथे नोंदच नसेल तर या राउटरवर वेळ घालवू नका, ज्याच्याकडे ते नेटवर्क आहे त्या राउटरवर जा.

खरी अडचण पुढे आहे: नेबर फुल, डेटाबेसमध्ये नोंद हजर, टेबलात मात्र काही नाही.

यात माझी एक अख्खी रात्र गेली आहे. शाखेतला राउटर बदलला होता. लिंकवर पिंग जात होता, नेबर फुल होता, म्हणून मी लिंककडे पुन्हा पाहिलंच नाही. केबल बदलली, प्रोसेस दोनदा क्लिअर केली, इतर शाखांनाही त्रास दिला. चूक इतकीच होती की एका टोकाला नेटवर्क टाइप ब्रॉडकास्ट होता आणि दुसऱ्या टोकाला पॉइंट-टू-पॉइंट. दोन्हींच्या हॅलो-डेडच्या वेळा मुळात 10 आणि 40 सेकंदच असतात, त्यामुळे नेबर बिनतक्रार फुल होतो. पण एक राउटर सांगतो, ‘मी थेट त्या राउटरला जोडलेलो आहे’, आणि दुसरा सांगतो, ‘मी एका सामायिक नेटवर्कवर आहे.’ एसपीएफच्या (सर्वांत कमी खर्चाचा रस्ता काढण्याच्या) हिशेबात दोघांची साक्ष जुळावी लागते. ती जुळली नाही की लिंक धरलीच जात नाही, आणि तिच्या पलीकडचे सगळे रूट गळतात.

खूण नेबरच्या यादीतच असते. एकीकडे ‘फुल’पुढे डीआर किंवा बीडीआर (सामायिक नेटवर्कवर निवडलेला मुख्य किंवा राखीव राउटर) दिसतं, दुसरीकडे नुसती आडवी रेघ. ‘शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राउटर’मध्ये त्या राउटरच्या नोंदीवर ‘नॉट-रीचेबल’ असा शेराही येतो. तो शेरा दिसला की बाकी सगळं सोडा आणि ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस’ दोन्ही टोकांना पाहा. दोन्ही टोकांना, एका नव्हे.

दोनच राउटर असलेल्या इथरनेट लिंकवर दोन्हीकडे पॉइंट-टू-पॉइंटच ठेवा, असं माझं ठाम मत आहे. डीआर निवडण्याची भानगडच उरत नाही. टाइप बदलताना नेबर क्षणभर पडतो, तेव्हा आधी कळवून ठेवा.

टाइप जुळत असेल तर उरतात तीन जागा: त्याच नेटवर्कचा स्टॅटिक, म्हणजे हाताने टाकलेला रूट (पसंतीसाठीचं त्याचं अंतर 1, ओएसपीएफचं 110, कमी अंतराला पसंती, म्हणून टेबलात स्टॅटिकच बसतो), आत येणाऱ्या रूटवरची डिस्ट्रिब्यूट-लिस्ट (रूट गाळणारी यादी), आणि बाहेरून आलेल्या रूटचा न पोहोचणारा फॉरवर्डिंग पत्ता (ज्याच्याकडे पॅकेट पाठवायचं तो).

रूट आला की लॅनचा (शाखेच्या आतल्या नेटवर्कचा) पत्ता सोर्स धरून पिंग करा. लिंकच्या पत्त्यावरून केलेल्या पिंगने लॅनचा परतीचा रूट तपासला जात नाही.