एक्यूपी-४ चा रिपोर्ट आणि ॲस्ट्रोसाइट: एनएमओचा संशय असेल तर काय काय बघायचं

एका डोळ्याने अचानक कमी दिसायला लागलं, डोळा हलवला की दुखतं, किंवा दोन्ही पायांतली ताकद गेली आणि लघवी अडकली, अशा पेशंटला न्यूरोलॉजिस्टने एमआरआयसोबत एक्यूपी-४ (ॲक्वापोरिन-४) अँटीबॉडीची टेस्ट लिहून दिली की घरचे लगेच गुगल करतात आणि एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसबद्दल वाचून घाबरून बसतात. ही टेस्ट एमएसची नाहीच. ही न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाची, म्हणजे एनएमओची, आणि या दोन आजारांत मार कोणाला बसतो तेच वेगळं आहे.

एमएसमध्ये मुख्य हल्ला मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर होतो. एनएमओत आधी जातात ॲस्ट्रोसाइट. शाळेत आपण न्यूरॉनचं चित्र काढून मार्क मिळवले, पण ॲस्ट्रोसाइट या दुसऱ्या पेशी मेंदूत आणि मज्जारज्जूत सगळीकडे असतात, त्यांची टोकं रक्तवाहिन्यांना बाहेरून वेढून असतात आणि त्या टोकांवर पाणी ये-जा करायचे चॅनल दाटीने असतात, त्यांचंच नाव ॲक्वापोरिन-४. एनएमओत शरीर या चॅनलविरुद्धच अँटीबॉडी बनवतं, ती जाऊन चिकटते, मग रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रोटीन्स कामाला लागतात आणि ॲस्ट्रोसाइट मरतो. मायलिन आणि न्यूरॉनचं नुकसान त्याच्या मागोमाग. डेव्हिकने हा आजार 1894 मध्ये फ्रान्समध्ये मांडला पण ही अँटीबॉडी सापडली 2004 मध्ये आणि ती नेमकी ॲक्वापोरिन-४ ला धरते हे कळलं 2005 मध्ये, तोवर बरेच जण याला एमएसचाच प्रकार धरायचे.

आता सॅम्पल. ही टेस्ट रक्तावर करतात, पाठीतल्या पाण्यापेक्षा रक्तातच ती जास्त नीट सापडते. शक्यतो स्टिरॉइड, प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला प्लाझ्मा बदलून अँटीबॉडी काढणं) किंवा रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू व्हायच्या आधी रक्त काढून ठेवायला सांगा, कारण नंतर अँटीबॉडी कमी होऊन रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. पण याचा अर्थ रिपोर्ट येईपर्यंत औषध थांबवायचं असा बिलकुल नाही हां, रक्त काढलं की ट्रीटमेंट सुरू.

रिपोर्ट आला की आधी पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बघू नका, मेथड बघा. सेल-बेस्ड ॲसे (अँटीबॉडी पेशींवर चिकटते का ते बघायची पद्धत) लिहिलं असेल तर चांगलं. एलायझा ही दुसरी पद्धत असेल आणि आकडा जेमतेम कटऑफच्या वर असेल तर तो खोटा पॉझिटिव्ह असू शकतो, सेल-बेस्डने परत करायची का हे डॉक्टरांना विचारा. निगेटिव्ह आला आणि लक्षणं मात्र तशीच आहेत तर काही काळाने रिपीट करतात, आणि एमओजी (मायलिनवरचं एक प्रोटीन) विरुद्धची अँटीबॉडीही बघतात, तिच्यामुळे होणारा आजार वरून सारखा दिसला तरी वेगळा. एमआरआयमध्ये मज्जारज्जूतली सूज तीन किंवा जास्त मणक्यांएवढी सलग लांब असेल तर एनएमओचा संशय पक्का होत जातो.

एक लक्षण हमखास चुकतं. उचकी! आपल्याकडे उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय म्हणतात, पण दोन दिवस झाले उचकी थांबत नाही, मळमळ-उलट्या चालूच, एंडोस्कोपी नॉर्मल, तर मेंदूच्या बुडाशी एरिया पोस्ट्रेमा म्हणून उलटीचं केंद्र आहे तिथे ॲक्वापोरिन-४ भरपूर असतं आणि अटॅक तिथे झालेला असू शकतो. पोटाच्या डॉक्टरकडून न्यूरोकडे जायला अशा पेशंटला उगाच उशीर होतो.

हे सगळं एवढं का बघायचं, तर औषधांसाठी. इंटरफेरॉन बीटा, नॅटालिझुमॅब, फिंगोलिमॉड ही एमएसची औषधं एनएमओत आजार वाढवू शकतात. त्यामुळे कोणी एमएस सांगून यातलं काही सुरू करत असेल आणि एक्यूपी-४ झालीच नसेल तर सरळ विचारा, संकोच नको. अटॅकमध्ये सहसा मिथाइलप्रेडनिसोलोन रोज 1 ग्रॅम शिरेतून 3 ते 5 दिवस, फरक नाही पडला तर प्लाझ्मा एक्स्चेंज, आणि त्यात दिवस घालवू नयेत कारण एनएमओचा एकच अटॅक डोळा घेऊन जाऊ शकतो. पुढचे अटॅक टाळायला आपल्याकडे जास्त करून ॲझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट किंवा रिटुक्सिमॅब देतात. इक्युलिझुमॅब, ज्याला अमेरिकेत 2019 मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली, ते कॉम्प्लिमेंटलाच अडवतं, म्हणजे अँटीबॉडी चिकटली तरी ॲस्ट्रोसाइट वाचतो. डोकं भारी लावलंय, किंमत मात्र विचारू नका. रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बी ची तपासणी झालीय का ते फाइलमध्ये बघून घ्या.

घरी एवढंच लक्षात ठेवा की नवं लक्षण 24 तासांपेक्षा जास्त टिकलं तर अटॅक समजून फोन करायचा, ताप किंवा उन्हाने जुनंच लक्षण थोडा वेळ वाढलं तर आधी ताप आणि लघवीचं इन्फेक्शन तपासायचं, आणि दिसायला लागलं म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. या आजारात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा खूपच जास्त आहे, त्यामुळे मूल हवं असेल तर मायकोफेनोलेट चालू असताना दिवस जायच्या आधीच डॉक्टरांशी बोला, ते औषध गर्भाला घातक आहे आणि आधीच बदलावं लागतं.